दारातला उचलता पूल: या चुका टाळा

मॉडेल रेल्वे खोलीभर फिरवली की दार आडवं येतंच, आणि तिथे उचलता पूल लागतो. बहुतेक पूल बिजागरीपाशीच फसतात.

कपाटाला लावतात तशी बिजागरी थेट प्लायवर ठोकली की तिची सळी रुळाच्या माथ्याखाली जवळपास सेंटीमीटरभर राहते. पूल उचलताना त्यावरच्या रुळांची टोकं मागे सरकतात आणि पक्क्या रुळांत घुसतात. पूल अडतो. मग घाई असलेला माणूस कानस घेऊन फट वाढवतो. 3 मिमीच्या फटीत चाकं ठेचकाळतात, डबे उतरतात, आणि दोष चाकांवर जातो. सळी रुळाच्या माथ्याहून 2-3 मिमी वर हवी, मग टोकं मागे न येता सुटी होतात. एचओ मापात (1:87 प्रमाण) रुळाखाली 5 मिमी कॉर्क आणि स्लीपरसकट साधारण 5 मिमी रूळ, म्हणजे माथा प्लायपासून 10 मिमीवर. बिजागरीच्या दोन्ही पानांखाली 12 मिमी प्लायचे ठोकळे द्या, ते रुळाच्या मध्यरेषेपासून 35 मिमी दूर ठेवा, म्हणजे डबे घासत नाहीत. दोन्ही बिजागऱ्यांच्या सळ्या एका रेषेत आहेत का, ते स्क्रू पिळण्याआधी पट्टी लावून बघा. इथे वेळ गेला तरी चालेल.

दुसरी चूक आपल्या हवेची. मे महिन्यात घोटीव जुळलेला लाकडी पूल मिरगाच्या पावसात फुगतो, चवथीपर्यंत रुळांची टोकं मिलिमीटरभर सरकतात. पाव मिलिमीटरही जास्तच. पुलाची तुळई अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीची करा, वरचा प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या आणि कापलेल्या कडांसकट सगळ्या बाजूंना पॉलिश द्या. खालची बाजू कोणी रंगवत नाही, आणि ओल तिथूनच शिरते. पुलाचा भार दाराच्या चौकटीवर टाकू नका, दार आपटलं की ती हादरते. चिऱ्याच्या भिंतीत गट्टीही सैल होते. दोन्ही टोकांना स्वतःचे पाय द्या.

रूळ आधी कापून मग जुळवणं हा आळस आहे. अखंड रूळ टाका, जिथे कापायचं तिथल्या प्रत्येक टोकाला पितळी स्क्रूवर सोल्डर करा, मगच बारीक करवतीने कापा. फट अर्धा मिलिमीटर. जुळणीसाठी टॉवर बोल्टवर विसंबू नका, त्यात खेळ असतो. निमुळत्या टोकाची 8 मिमी पितळी खुंटी घट्ट भोकात बसवा.

विजेचं मात्र पहिल्याच दिवशी करा. पूल उघडा आणि रुळांत वीज चालू, म्हणजे इंजिन थेट फरशीवर. पुलाच्या दोन्ही बाजूंना एका रुळाची वीज प्लास्टिक जॉइनरने (रुळाचा सांधा) तोडा आणि तोडीपासून पुलापर्यंतच्या तुकड्यांची वीज पूल पूर्ण टेकल्यावरच दाबल्या जाणाऱ्या मायक्रोस्विचमधून न्या. तुकडा 450 मिमी तरी हवा: सगळ्या चाकांनी वीज घेणारं इंजिन शेवटचं चाक आत येईपर्यंत थांबत नाही, आणि पुढे घसरतंही. दोन इंजिनं जोडत असाल तर तुकडा तितका वाढवा. दिव्यांचे डबे लागलीच इंजिनामागे असतील तर तपासा. डब्याखालच्या दोन्ही बोगी (चाकांचे सांगाडे) एकाच रुळावरून वीज घेत असतील तर डबा तोड ओलांडून तुकड्याला पुन्हा वीज देतो.

वायर बिजागरीपाशी सैल वळसा देऊन, बारीक तारांचीच घ्या. एकतारी वायर वाकून वाकून तुटते.