हरतालिकेच्या आदल्या रात्री रस्सा नको
श्रावण नुकताच सुटलेला असतोय त्यामुळं कोल्हापुरात घरोघरी मटणाचा बेत ठरलेलाच, पण दुसऱ्या दिवशी निर्जळी हरतालिका धरणार असाल तर तांबडा-पांढरा, मिसळ असलं काही त्या रात्री नकोच, मीठ जास्त झालं की दुपारपर्यंतच घसा कोरडा पडतोय. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, कमी मिठाची मुगाची आमटी, काकडी, वाटीभर दही, भाकरी सावकाश पचते, नुसत्या भातावर भूक लवकर लागते. पाणी संध्याकाळपासून थोडं थोडं प्या, झोपताना तांब्याभर ढोसलं तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. चहाबाज असाल तर दोन-तीन दिवस आधीच कप कमी करा, नायतर डोकं लई ठणकतंय. आणि शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी धरू नका, सासूबाई काहीही म्हणूदेत.