पुस्तकखरेदीला लगाम घातला तो असा

पुस्तकं घेणं पूर्ण बंद करून बघितलं, पण तो उपास टिकत नाही; सुटला की दुप्पट खरेदी होते. शेवटी कामी आला तो साधा हिशेब. रोज ३० पानं वाचली तर ३०० पानांच्या पुस्तकाला १० दिवस लागतात, म्हणजे वर्षाला जेमतेम ३६ पुस्तकं. तीही एकही खाडा न करता! आता आवडलेलं नाव आधी यादीत जातं, शेजारी तारीख आणि ते का हवंसं वाटलं याची एक ओळ. महिन्याभराने ती ओळ वाचूनही ओढ कायम असेल तरच घेतो. बरीच नावं तिथेच गळतात. कोश आणि कवितासंग्रह मात्र या हिशेबात धरत नाही. ते सलग वाचून संपवायचे नसतातच.