रहस्यकथांचे महिला वाचनमंडळ कसे चालवावे

कोकणातल्या गावात असे मंडळ सुरू करायचे असेल, तर भाताची लावणी आटोपल्यापासून गणपतीच्या तयारीला लागेपर्यंतचे दिवस निवडावेत. आंब्याच्या हंगामात कोणालाच दुपार मोकळी मिळत नाही. आठ-दहा जणी पुरेत. वाचन मोठ्याने व्हावे, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही तपासात भाग घेता येतो.

आरंभ लघुकथेने करावा. ॲगाथा ख्रिस्ती यांची म्हातारी हौशी गुप्तहेर मिस मार्पल १९२७ साली प्रथम आली ती एका लघुकथेतच, आणि त्या कथेतली मंडळीही एकाने रहस्य सांगायचे व बाकीच्यांनी ते उलगडायचे असे ठरवून जमतात. आपणही उलगड्याच्या आधी थांबावे, प्रत्येकीचा संशयित आणि संशयाचे कारण चिठ्ठीवर उतरवावे, आणि शेवट वाचून झाल्यावर मागे जाऊन लेखिकेने तो पुरावा कोणत्या वाक्यात, कशाच्या आड ठेवला होता हे शोधावे. खरा आनंद या उलट्या वाचनात आहे. नाव बरोबर ओळखणे त्यामानाने गौण आहे.

मार्पल आपल्या खेड्यातल्या माणसांच्या वागण्यावरून गुन्हेगार ताडते. तसे कोणी आपल्या आठवणीत आहे का, हे प्रत्येकीने मनाशी जरूर पडताळावे. पण वाडीतल्या माणसाचे नाव बैठकीत घेऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी करावा.

त्यानंतर अमेरिकन लेखिका ॲना कॅथरीन ग्रीन यांच्याकडे वळावे. त्यांची हौशी गुप्तहेर अमेलिया बटरवर्थ १८९७ मध्ये, म्हणजे मार्पलच्या तीस वर्षे आधी, आपल्या खिडकीतून शेजारच्या घरावर नजर ठेवून होती. डोरोथी सेयर्स यांची हॅरिएट व्हेन स्वतःच रहस्यकथा लिहिते; १९३०च्या कादंबरीत तिच्यावर प्रियकराला विष दिल्याचा आरोप येतो, तर १९३५च्या कादंबरीत ती ऑक्सफर्डच्या महिला महाविद्यालयातला छळ शोधते, आणि तिथे एकही खून नसतो. अनुवाद हाताशी नसेल, तर इंग्रजी वाचणारीने प्रकरणवार कथा सांगावी.

चार-पाच बैठकींनंतर एकेकीने स्वतःचे कोडे रचावे, आणि पुरावा आपल्या रोजच्या माहितीतला घ्यावा. समजा, अमावास्येला भर दुपारी खाडीच्या मुखाजवळून कोरड्या वाळूवरून चालत आलो, असे संशयित सांगतो. त्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर दुपारच्या सुमारास उधाणाची भरती असते, त्यामुळे मासे विकणारी बाई हे खोटे तत्काळ पकडेल. मात्र तिथीचा उल्लेख कथेत आधीच, एखाद्या उपवासाच्या किंवा बाजाराच्या बोलण्यात, सहज येऊन गेलेला असला पाहिजे.