जुन्या एसयूव्हीला ट्रेलर हिच बसवताना सायलेन्सर आडवा येतो, तेव्हा काय करायचं

गणपती जवळ आले की आमच्या ढोलपथकात दरवर्षी तोच प्रश्न, ढोल न्यायचे कशात. इथे ओहायोत सराव एकीकडे, मिरवणूक दुसरीकडे, वीस ढोल चार-पाच गाड्यांच्या डिकीत कोंबले की कुणाचं पान फाटतं, कुणाची कडी वाकते, आणि ऐन वेळी ताणायला बसावं लागतं. म्हणून मी जुना चार बाय आठ फुटी उघडा ट्रेलर घेतला आणि माझ्या २००८च्या होंडा सीआर-व्हीला हिच, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे खालून बसवतात ती लोखंडी चौकट, घरीच बसवला. काम अवघड नाहीये. अडतं ते एकाच जागी, सायलेन्सरपाशी, आणि बरेच जण तिथेच घाबरून काम सोडतात किंवा पाइप कापायला तयार होतात. मलाही एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की पाइप कापून वळवून वेल्ड करून देतो. कापू नका. सायलेन्सर रबरावर लटकलेला असतो, तो खाली उतरतो आणि परत वर जातो, हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं नटबोल्टचं काम आहे.

पण आधी वजनाचं बघा, कारण इथे चूक झाली तर हिच कितीही छान बसवला तरी उपयोग नाही. माझ्या सीआर-व्हीची ओढायची मर्यादा १५०० पौंड आहे. बाजारात हिच मिळतो तो क्लास वनचा सव्वा इंची चौकोनी नळीचा, नाहीतर क्लास थ्रीचा दोन इंची. दोन इंचीवर साडेतीन हजार पौंड वगैरे आकडा छापलेला असतो आणि लोकांना वाटतं आता गाडी तेवढं ओढणार. तसं नसतं. गाडी, हिच, बॉल माउंट (हिचच्या नळीत सारायचा दांडा), बॉल (त्यावरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो), ट्रेलर यातला जो आकडा सगळ्यात लहान तोच तुमचा आकडा, आणि जुन्या एसयूव्हीत तो बहुतेक वेळा गाडीचाच असतो, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. माझा हिशोब असा: ट्रेलर रिकामा साधारण ४०० पौंड, एक ढोल काट्यावर २२ पौंड भरला म्हणजे वीसचे ४४०, वर ताशे, ध्वज, स्टँड धरून ९००च्या आसपास. ट्रेलरच्या नाकाचा जो भार हिचवर येतो तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, म्हणजे ९० ते १३५ पौंड. माझ्या गाडीला तिथे १५० चालतात, म्हणजे बसतंय. मी तरी दोन इंचीच घेतला, कारण सायकल रॅक आणि बॉल माउंट त्यातच जास्त मिळतात.

हिच घेताना तुमच्या गाडीचं वर्ष आणि मॉडेल टाकून त्याच गाडीचा घ्या, आणि पैसे भरायच्या आधी त्याचा बसवायचा कागद डाउनलोड करून नीट वाचा. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की सायलेन्सर उतरवावा लागतो का, हीट शील्डचा (उष्णता अडवणारा) पत्रा किती कापायचा, फ्रेमला भोक पाडायचंय का. तो कागद हातात घेऊन गाडीखाली टॉर्च मारून बघा. जुन्या गाडीचा सायलेन्सर आधीच्या मालकाने कधी बदलला असेल तर मूळ जागेपेक्षा इंचभर इकडेतिकडे असू शकतो, आणि हिचवाल्यांनी मोजमाप मूळ जागेवरून घेतलेलं असतं. मग हिच गाडीचा असून बसत नाही आणि माणूस हिचला दोष देत बसतो.

आता गाडीखाली जायचं. एक्झॉस्ट, म्हणजे सायलेन्सरसकट धुराचा सगळा पाइप, पूर्ण थंड हवा, गाडी बंद करून निदान दोन तास झालेले हवेत, रात्रभर उभी असेल तर उत्तमच. सपाट काँक्रीट, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके. मागची बाजू वर घेतली तर जॅक स्टँडवर किंवा मजबूत रॅम्पवर, नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीच, अगदी मिनिटभरासाठीही, जायचं नाही. चष्मा घाला, गंज सरळ डोळ्यात पडतो.

पहिलं काम बोल्टच्या भोकांचं, सायलेन्सरला अजून हात लावायचा नाही. बऱ्याच गाड्यांत फ्रेममध्ये कंपनीने आधीच नट वेल्ड करून ठेवलेले असतात, त्यात रबरी बूच किंवा टेप असते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीत त्या नटांमध्ये गंजाचा लगदा भरलेला असतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नळी घासायचा गोल तारेचा ब्रश आत फिरवा, तपकिरी पीठ पडत राहील, पडणं थांबेपर्यंत घासा. मग बोल्ट हाताने लावून बघा. चार-पाच आटे हाताने गेला तर ठीक. नाही गेला तर रॅचेट लावून जबरदस्ती करू नका, त्याच मापाचा टॅप (नटाचे आटे साफ करायचं हत्यार) घ्या आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हळूहळू न्या, मध्येमध्ये तेल. माझा डावीकडचा एक नट असा साफ करायला चाळीस मिनिटं गेली. पण तो नट आत फिरायला लागला किंवा बोल्ट आतच तुटला असता तर फ्रेम कापावी लागली असती, तेव्हा ती चाळीस मिनिटं द्याच.

आता सायलेन्सर. सायलेन्सरच्या मागच्या डब्याला आणि टेलपाइपला (धूर बाहेर सोडणारा शेवटचा पाइप) लोखंडी सळ्या वेल्ड केलेल्या असतात, त्या जाड रबराच्या भोकात अडकवलेल्या, आणि रबराचं दुसरं भोक गाडीच्या सळीवर. सळीच्या टोकाला बोंड असतं म्हणून रबर सहज निघत नाही. आधी त्या सळ्या बोटाने चाचपून बघा, गंजून काडीसारख्या झाल्या असतील तर थांबा, आधी वेल्डिंगवाल्याकडून नवीन सळी लावून घ्या, नाहीतर ओढताना तुटून हातात येईल. रबर काढायच्या आधी डब्याखाली आधार द्या. मी एक जॅक, त्यावर लाकडाची फळी ठेवली, शिवाय एक रॅचेट पट्टा गाडीच्या खालच्या मजबूत भागाला अडकवून पाइपखालून घेतला. हा आधार अत्यंत महत्त्वाचा, कारण मागचा डबा लटकला की सगळा भार पुढच्या लवचिक जाळीच्या पाइपवर आणि जोडाच्या गॅस्केटवर येतो, तिथे चीर गेली की हिचपेक्षा मोठा खर्च.

रबराला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा. पेट्रोलियमवालं तेल नको, त्याने रबर फुगतं आणि सैल पडतं. पाच मिनिटं थांबा, मग रबर हँगर काढायचा खास पक्कड मिळतो त्याने बोंडावरून ढकला, तो नसेल तर मागून चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलत उचलत आणा. सगळ्यात मागच्या रबरापासून सुरुवात करा आणि पुढे या. मला तीन रबरं काढावी लागली, डबा साधारण पाच-सहा इंच खाली आला आणि तेवढं पुरलं. जास्त खाली सोडू नका. काढलेली रबरं वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नवीन घ्या, फार महाग नसतात.

हीट शील्ड कापायला सांगितलं असेल तर मार्करने रेघ मारून पत्रा कापायच्या कात्रीने तेवढाच कापा, कड कानसने घासून घ्या. पूर्ण शील्ड काढून टाकू नका, ते सायलेन्सरची उष्णता फ्लोअरपर्यंत जाऊ देत नाही, म्हणूनच तिथे लावलेलं असतं.

ज्या भोकात नट वेल्ड नाही तिथे बोल्ट फ्रेमच्या आतून खाली आणायचा असतो. त्यासाठी किटमध्ये टोकाला वेटोळं असलेली फिश वायर येते. वायर खालच्या भोकातून आत सारायची, बाजूच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, वेटोळ्यावर आधी चौकोनी स्पेसर ओवायचा, मग बोल्ट आट्यांवर फिरवून अडकवायचा आणि खालून ओढायचं. ओढताना वायर सरळ ठेवा, झटका मारला की बोल्ट आत पडतो आणि तो चुंबकाने शोधत बसावं लागतं. वायर लगेच काढायची नाही, हिचच्या भोकातून ती ओवून घ्यायची, हिच वर टेकला की मग काढून नट लावायचा.

हिच चढवायला दोन माणसं हवीत. माझा जवळपास ३५ पौंडांचा आहे, उचलता येतो पण एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नट लावता येत नाही. माझा भाचा मदतीला होता. एक्झॉस्टची खरी युक्ती इथेच आहे: हिच दोन्ही बाजूंनी एकदम सरळ वर नेता येत नाही, पाइप मध्ये येतो. आधी टेलपाइपच्या बाजूचं टोक तिरकं करून पाइप आणि बॉडीच्या मधल्या फटीतून वर सारायचं, हिच पाइपवर टेकवायचा नाही, मग दुसरं टोक फिरवून वर आणायचं. आम्ही पहिल्यांदा उलट बाजूने घातला आणि अडकला. भाचा म्हणाला, "मामा, खाली घे, पाइपच्या बाजूने घालू," आणि दुसऱ्या खेपेला विनासायास गेला. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, एकही घट्ट करायचा नाही. हिच मध्यावर आहे का ते दोन्हीकडून टेपने मोजा, मग टॉर्क रेंचने (किती जोराने कसतोय ते दाखवणारा पाना) कागदावर दिलेल्या आकड्याला कसा. माझ्या किटमध्ये अर्धा इंची बोल्टला ७५ फूट-पौंड होते, तुमच्या कागदावर असेल तोच घ्या, अंदाजाने नको.

मग डबा जॅकने वर घेऊन रबरं परत चढवा आणि फट बघा. हिच आणि पाइप यांच्यात सगळीकडे निदान इंचभर, म्हणजे अंगठा आडवा सहज फिरेल एवढी जागा असावी. ती नुसती उभ्या गाडीत बघून चालत नाही, कारण इंजिन हलतं तसा सगळा पाइप हलतो, तापल्यावर लांबतो पण. थंड असतानाच पाइप हाताने वरखाली, डावीउजवीकडे ढकलून बघा, कुठे टेकतोय का. टेकत असेल तर थोडं लांब रबर लावून डबा खाली घेता येतो, पण पाइप मागच्या प्लास्टिकच्या बंपरकडे सरकवू नका, ते वितळतं. वायरने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवणं तर अजिबात नको.

गाडी उघड्यावर चालू करा, जोडांपाशी फुसफुस ऐका. आवाज आला तर जोड सुटलाय, तो आधी नीट करा, एक्झॉस्टचा धूर खालून गाडीत शिरला तर जिवावर बेततं.

वायरिंगचं थोडक्यात. चार तारांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी ग्राउंड, तपकिरी टेललाइट, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवा इंडिकेटर आणि ब्रेक. गाडीचा ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर वेगळे असतील तर ते एका तारेत आणायला मध्ये कन्व्हर्टर लागतो, जुन्या गाडीत बॅटरीवरून फ्यूज लावून वीज घेणारा घ्या. तार सायलेन्सरच्या दुसऱ्या बाजूने न्या, लोंबकळू देऊ नका.

ढोल भरताना साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे ठेवा, नाक हलकं राहिलं तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. घरातला वजनकाटा योग्य उंचीच्या ठोकळ्यावर ठेवून त्यावर नाक टेकवलं की भार कळतो. आमचा ११० भरला. साखळ्या नाकाखालून एकमेकींवर तिरप्या अडकवा. पहिल्या ५० मैलांनंतर थांबून सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा, माझा उजवीकडचा एक पाव फेरा फिरला.