‘बाबांना सांग ना’ हे टपाल कसं बंद करावं

माझे बाबा एसटीत कंडक्टर. मुक्कामी ड्युटी करून सकाळी यायचे आणि झोपायचे. त्यामुळे आमच्या घरचं सगळं टपाल आईमार्फत. सहलीचे पैसे, गणितात पडलेले मार्क, सगळं तीच वेळ बघून त्यांच्या कानावर घालायची. उत्तरही तिच्याचकडून यायचं, "बाबा नको म्हणाले." का, ते कधी कळलं नाही.

आज नोकरीला १७ वर्षं झाली, तरी रजा मागायची तर माझा पहिला प्रश्न शेजारच्या टेबलावरच्या बाईंना असतो, "साहेबांचा मूड कसाय?"

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने याला त्रिकोण म्हटलंय. दोघांमधला ताण सोसवेना की तिसऱ्याला मध्ये ओढायचं. ताण हलका होतो, गाठ मात्र तशीच राहते.

माझी लेक चौथीत असताना "आई, बाबांना सांग ना" म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून एक नियम आहे. निरोप न्यायचा नाही, सोबत जायचं. "बाबा गॅलरीत आहेत, तूच विचार, मी उभी राहते." सुरुवात क्षुल्लक गोष्टीने करा, पेन्सिलबॉक्स वगैरे. पैसे आणि मार्क नंतर.

खरं काम नवऱ्याकडे होतं. "आईला विचार" हे उत्तर बाद. नकार द्यायचा तर स्वतःच्या तोंडाने, कारणासकट. पहिले पंधरा दिवस त्याला जड गेलं. मलाही "बाबा येऊ देत, मग बघ" ही धमकी सोडावी लागली. ती सोडणं सगळ्यात अवघड, कारण ती चालते.

घरात कुणी हात उगारत असेल तर मात्र हे करू नका. तिथे आईने मध्येच उभं राहायला हवं.

आता आपल्या बाबांशी. मी वयाच्या ४१व्या वर्षी सुरू केलं. "कसे आहात?" विचारलं की "बरं आहे, आईला देतो" येतं. त्यांना जे ठाऊक आहे ते विचारा. मी विचारलं, "बाबा, मुक्कामाच्या गावी तुम्ही जेवायचात कुठे?" अकरा मिनिटं बोलले. फोन स्पीकरवर ठेवू देऊ नका, आई मधूनच उत्तरं देते.