क्लास शिकण्याआधी ऑब्जेक्ट ओळखा

लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरीपर्यंत मुलं मजेत येतात आणि क्लासचा धडा आला की अडखळतात. मी नवख्यांना पायथन शिकवतो, आणि हा धडा व्याख्येपासून सुरू करणं आता सोडून दिलंय. ‘क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती’ हे वाक्य परीक्षेत गुण मिळवून देतं, एवढंच. मूर्ती निघाली की तिचा साच्याशी संबंध संपतो. पायथनच्या ऑब्जेक्टचा क्लासशी संपत नाही.

त्यापेक्षा कन्सोल उघडा आणि टाइप या फंक्शनला काहीही द्या: एखादा आकडा, स्ट्रिंग, लिस्ट, अगदी तुम्ही लिहिलेलं फंक्शनसुद्धा. उत्तरात दर वेळी क्लास हा शब्द आणि पुढे एक नाव दिसेल. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्ही ऑब्जेक्टच वापरताय. लिस्टपुढे टिंब देऊन अपेंड लिहिता, ती मेथडच, म्हणजे ऑब्जेक्टचं स्वतःचं फंक्शन.

आता स्वतःचा क्लास. बचत गटाचा हिशेब घ्या. एका लिस्टमध्ये नावं, दुसरीत रकमा ठेवल्या आणि गट सोडणाऱ्या बाईंचं फक्त नाव काढलं, की पुढच्या सगळ्यांच्या रकमा चुकतात. डिक्शनरीने ते सुटतं, पण भरणा, उचल, शिल्लक पुरेशी आहे का ही तपासणी, सगळं फाइलभर विखुरतं. माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र हवीत, म्हणून ‘सभासद’ हा क्लास. नाव आणि शिल्लक इनिट मेथडमध्ये (मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर; ऑब्जेक्ट बनताना ही आपोआप चालते), भरणा आणि उचल या वेगळ्या मेथड. पायथन ३ मध्ये ही नावं खरंच देवनागरीत देता येतात. नोकरीत इंग्रजीच वापरा, पण शिकताना आपलं काय आणि पायथनचं काय, हे त्यामुळे नजरेला लगेच दिसतं. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच हवेत.

खरी गाडी अडते सेल्फपाशी. मीना हा ऑब्जेक्ट बनवून मीना.भरणा(500) लिहिलं, की पायथन ते सभासद.भरणा(मीना, 500) असं चालवतो. टिंबाच्या डावीकडचा ऑब्जेक्ट मेथडच्या पहिल्या पॅरामीटरमध्ये जातो, तोच सेल्फ. दुसरं रूप स्वतः टाइप करून पाहा, तेही चालतं. सेल्फ हा राखीव शब्द नाही, नुसती रूढी आहे. तरी मोडू नका. मेथडमध्ये तो लिहायचा राहिला तर टाइपएरर येतो: एक आर्ग्युमेंट हवं होतं, दोन मिळाली. ‘सर, मी तर एकच दिलं!’ अशी तक्रार हमखास येते. दुसरं म्हणजे मीना स्वतः.

साच्याची उपमा कुठे फसते तेही इथेच कळतं. ऑब्जेक्टमध्ये नाव सापडलं नाही, तर पायथन ते क्लासमध्ये शोधतो. म्हणून व्यवहारांची रिकामी लिस्ट इनिटमध्ये न ठेवता थेट क्लासखाली ठेवली, तर ती सगळ्यांची मिळून एकच राहते. मीनाने अपेंड केलेली नोंद बाकीच्या सभासदांकडेही दिसते! मुलाखतीत हा प्रश्न आवडीने विचारतात.

इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याची, घाई नको. क्लासमध्ये इनिट आणि जेमतेम एक मेथड असेल, तर बहुधा साधं फंक्शन पुरेल. नुसती माहितीच साठवायची असेल, तर २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून डेटाक्लास आहे. पण तो नंतर. आधी उचल मेथड हाताने लिहा, आणि शिल्लकीपेक्षा जास्त रक्कम मागितली तर तिला व्हॅल्यूएरर द्यायला लावा.