ट्रक चालवणाऱ्यांनी कान कसे सांभाळायचे?

माझा मामा पंचवीस वर्षं ट्रकवर होता, नाशिकहून कांदा भरायचा आणि रात्रीतून कसारा घाट उतरून वाशी मार्केटला खाली करायचा. एकदा गाळ्यावरून फोनवर 'साठ गोणी' सांगितल्या, मामाला ऐकू आलं 'आठ', त्यावरून जी बोलाचाली झाली ती झाली, पण कान गेलाय हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आवाजाने कान जातो तो असाच जातो. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, 'स' गेला की साठचं आठ होतं, बायका-पोरं पुटपुटतायत असं वाटायला लागतं, आणि माणूस म्हणतो मला येतं रे ऐकू, तुम्हीच नीट बोलत नाही. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की परत येत नाहीत, त्याला ना गोळी ना ऑपरेशन. त्यामुळे जे करायचं ते आधीच करायचं.

पहिलं काम, आपल्या केबिनमध्ये आवाज किती आहे ते बघा. साउंड मीटरचं फुकट ॲप मोबाईलवर मिळतं, अगदी तंतोतंत नसतं पण अंदाज येतो. फोन क्लीनरच्या हातात द्या, स्वतः चालवताना आकडे बघत बसू नका. काच उघडी, काच बंद, सपाट रस्ता, घाट, असं चार वेळा मोजा आणि लिहून ठेवा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दिवसाला ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही साधारण मर्यादा धरतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला फक्त एक. आता आपली ड्यूटी कुठे आठ तासांची असते ते सांगा! फोन नसेल तर सोपं, शेजारच्या क्लीनरशी बोलताना ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे.

मग केबिन. लोक डायरेक्ट इअरप्लग विचारतात, पण माझ्या मते आधी पैसे इथे घालावेत. जुन्या गाड्यांत इंजिन अर्धं केबिनच्या आतच असतं, त्याच्या बोनेटचं रबर गळालेलं, गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, पेडलपाशी भोकं, आणि आवाज पाण्यासारखा असतो, फट दिसली की घुसतो. मेकॅनिक म्हणेल चलता है, त्याचं ऐकू नका. दरवाज्याचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरपट्टी, बदला, भोकं बुजवा, सायलेन्सरच्या जॉइंटला लीक आहे का बघा, खडखडणारी पेटी, जॅक, टॉमी फडक्यात गुंडाळून बांधा. फक्त एक, इंजिन आणि सायलेन्सरजवळ गादीचा फोम किंवा गोणपाट कोंबू नका, आग लागेल, तिथे उष्णता सोसणारंच मटेरियल हवं.

काच खाली करून चालवायची सवय सगळ्यांनाच, मुंबईच्या उकाड्यात दुसरं करणार काय. पण उजवा कान खिडकीला, शेजारून जाणारे डंपर, वारा, हॉर्न सगळं त्याच कानात. मामाचाही उजवाच आधी गेला. निदान हायवेला आणि भाताणसारख्या बोगद्यात शिरताना काच वर घ्या, बोगद्यात आवाज भिंतीवर आपटून परत येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, नवीन गाडी घेणाऱ्या मालकाला याचा कानासाठीही फायदाच आहे, जुन्या गाडीवाल्यांनी मात्र फॅनवर भागवायचं.

हॉर्नचं बोलायचं तर प्रेशर हॉर्न, म्युझिकल हॉर्न काढूनच टाका. नियमात बसत नाहीत हे एक, आणि तो हॉर्न पुढच्याआधी तुमच्याच कानात वाजतो. उगाच हॉर्न वाजवला तर १,००० रुपये दंड, परत सापडलात तर २,०००. २०२० च्या सुरुवातीला मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी काही सिग्नलवर मीटर लावले होते, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद परत पहिल्यापासून, आठवतंय ना? मला तर तो प्रकार जाम आवडला होता. गाडीमागचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्रात २०१५ लाच बंद झालं, तरी अजून दिसतं म्हणा.

गाणी लावायला काही हरकत नाही, पण इंजिनवर मात करायला आवाज वाढवत नेता तिथे घोळ होतो. गाडी उभी असताना जेवढा आवाज बरा वाटतो तेवढाच ठेवा. कानात इअरफोन कोंबून चालवू नका, मागचा हॉर्न आणि अँब्युलन्स ऐकू आली पाहिजे.

त्याच कारणाने इअरप्लगही स्टिअरिंगवर असताना नको. ते वापरा गाडी उभी असताना: कळंबोलीत लोखंड उतरवताना, गॅरेजमध्ये ठोकाठोकी चालू असताना, न्हावा-शेवा बंदरात शेजारी रीफर, म्हणजे फ्रीजवाला, कंटेनर घरघरत असताना झोपायचं असेल तेव्हा. नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीचा माल विकणाऱ्या दुकानांत फोमचे प्लग स्वस्तात मिळतात. हात धुवा, प्लग बोटांत वळून विडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा आला की बरोबर बसला. अर्धा बाहेर लोंबत असेल तर शून्य उपयोग. कापसाचा बोळाही तसाच, मनाचं समाधान.

कानाला सुट्टी पण द्या. रांगेत उभे असाल तर इंजिन बंद करा, डिझेलही वाचतं. आणि सहा दिवस ट्रक चालवून सातव्या दिवशी मंडळाच्या डीजेसमोर नाचायचं असेल तर निदान स्पीकरपासून लांब नाचा राव. काडी, चावी, गरम तेल कानात घालायचं नाही, स्टेशनबाहेरच्या कान साफ करणाऱ्यांकडेही जाऊ नका.

घरच्या घरी एक टेस्ट करता येते, मामाला मीच शिकवली, उशिराच. सकाळी निघताना रेडिओ जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा, व्हॉल्यूमचा नंबर लक्षात ठेवा. ट्रिपवरून आल्यावर त्याच नंबरवर लावा. ऐकू येत नसेल किंवा कानात शिट्टी वाजत असेल तर कान दमलाय. असं वारंवार होत असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, दुखत नाही, हेडफोन लावून बीप ऐकायचे असतात. केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे कान-नाक-घशाची ओपीडी आहे, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथलं कामच कानाचं आहे. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र ट्रिप सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हा प्रकार वेगळा असतो, यात लवकर औषध सुरू झालं तर कान परत येऊ शकतो.

लायसन्सला कान नडेल या भीतीने बरेच जण तपासणी टाळतात, मामाने तेच केलं. लायसन्ससाठीच्या डॉक्टरी दाखल्यात, म्हणजे फॉर्म १-ए मध्ये, डॉक्टर ऐकण्याबद्दल लिहितात हे खरं, पण तिथे कळण्याआधी आपल्याला कळलेलं बरं. ऑडिओमेट्रीच्या रिपोर्टचा फोटो आरसी आणि पीयूसीच्या फोटोंशेजारी मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या वर्षीचा त्याच्याशी लावून बघता येतो.